क्ष-किरणात न दिसणारे दुखणे

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण अशा विषयांवर आपण तज्ज्ञांची व्याख्याने ऐकत आला आहात. अशा ठिकाणी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे वावरलेल्या माणसाने एका रोगावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीला सुटले; पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु संघटनेच्या कचेरीत बसणाऱ्याला मजुरी, बोनस आणि खाडे यांच्याइतकाच माणसांच्या दुखण्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. त्यातले एक दुखणे असे निघाले की, ते कोणत्याच खात्यावर मांडता येईना. म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो, ओळखीच्या डॉक्टरमंडळींना प्रश्न विचारून भंडावून सोडले, मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. औषधाची चिठ्ठी मात्र आमच्याकडे कोणी मागू नये.

या दुखण्याचे नाव फायब्रोमायल्जिया. नाव अवघड आहे, पण दुखणे आपल्यापैकी अनेकांच्या घरात असेल. सकाळी उठतानाच अंग आंबलेले असते. आठ तास अंथरुणात काढूनही रात्रभर कोणी कुटून काढल्यासारखे वाटते. मान आखडते, खांदे भरून येतात, कंबर धरते, मांड्या दुखतात. आज एका जागी, उद्या दुसऱ्या, आणि वाईट दिवशी सर्वांगात. नातवाने लाडाने गळ्यात हात टाकला तरी कळ निघते. जोडीला थकवा असतो, आणि तो विश्रांतीने जात नाही. दूध गॅसवर ठेवल्याचे ध्यानात राहत नाही, मोजलेल्या कांड्यांचा आकडा मध्येच निसटतो. डोक्यात धुके भरल्यासारखे होते. कित्येकांचे पोट बिघडलेले असते, डोके दुखते, लख्ख उजेड किंवा मोठा आवाज सोसत नाही. असे महिनेच्या महिने चालते. मग क्ष-किरणांची छायाचित्रे काढतात, रक्त तपासतात, आणि सगळे काही 'नॉर्मल' निघते.

येथून त्या माणसाची दुसरी फरफट सुरू होते. घरात म्हणतात नखरे आहेत. खात्यात मुकादम म्हणतो कामचुकार आहे. दवाखान्यात सांगतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. कांड्या भरणाऱ्या एका बाई आमच्या कचेरीत येऊन म्हणाल्या, "भाऊ, रिपोर्टात काहीतरी वाईट निघालं असतं तर बरं झालं असतं." आपल्याला रोग निघावा अशी इच्छा करण्यापर्यंत शहाण्या, कष्टाळू बाईला यावे लागते, हा तिच्या मनाचा दोष नव्हे. तिच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना, आणि कागदावरच्या खुणेला मात्र सगळे मानतात, हे तिने बरोबर ओळखले होते.

वस्तुतः मराठीत दुखण्याला शब्द कमी नाहीत. ठणका वेगळा, ठसठस वेगळी, चमक वेगळी. उसण भरते, कळ येते, शिळक निघते, गात्रे गळतात, अंग मोडून येते. बाया दवाखान्यात हे सगळे सांगतात आणि केसपेपरावर एकच शब्द उमटतो, 'बॉडीपेन'. खरे म्हणजे या शब्दांत निदानाची अर्धी सामग्री भरलेली असते. ठणका जागा धरून असतो, त्याला बोट लावून दाखवता येते. अंग आंबणे जागा धरीत नाही. आमच्या अनुभवात एका खांद्याच्या, एका मनगटाच्या तक्रारी कामाच्या ताणाच्या असतात आणि त्या विश्रांतीने, खुर्चीची उंची बदलल्याने हटतात. ज्या दुखण्याला जागाच नाही, त्याचा विचार निराळा करावा लागतो.

आता या नावाचा थोडा इतिहास. १९०४ साली लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर व्याख्यान देताना 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला. स्नायूंतल्या तंतुमय भागाला दाह होतो, सूज येते आणि म्हणून ते दुखतात, अशी त्यांची कल्पना होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तो तेथे दाह सापडेना. तरीही ते नाव सत्तर वर्षे टिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी डॉक्टरांपुढे असे सैनिक आले, तेव्हा त्यांनी निराळे टोक गाठले आणि 'मनोजन्य संधिवात' असे लेबल लावून टाकले. स्नायूत काही दिसत नाही ना, मग ते मनात असले पाहिजे! १९७६ साली हेंच नावाच्या डॉक्टरांनी 'फायब्रोमायल्जिया' हे नाव वापरले. तंतू, स्नायू आणि वेदना एवढाच त्याचा अर्थ. दाह आहे की नाही, दोष मनाचा आहे की शरीराचा, याबद्दल ते नाव काहीच बोलत नाही. आम्हाला हा बदल मोलाचा वाटतो. जे ठाऊक नाही त्याचा दावा नावातून काढून टाकला, आणि संशोधनाची वाट मोकळी झाली.

मग बिघाड आहे तरी कोठे? हे कळण्यासाठी आधी साधे दुखणे कसे होते ते पाहू. तव्याला बोट लागले की बोटातले मज्जातंतू वर्दी देतात. ती वर्दी हातातून मज्जारज्जूत, तेथून मेंदूत जाते, आणि मेंदू तिला वेदनेचे रूप देतो. परंतु आलेली प्रत्येक वर्दी जशीच्या तशी वर जात नाही. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला की, मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. ते कमीजास्त उघडते. त्यांच्या मांडणीतील तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. पोराचा गुडघा आपटला की आई तो चोळते आणि पोर शांत होते. चोळण्याचा स्पर्श त्या फाटकाशी गर्दी करून वेदनेची वाट अडवतो. मेंदूही वरून आज्ञा पाठवून फाटक लोटू शकतो. कबड्डीच्या सामन्यात गडी कोपर सोलवटून घेतो आणि त्याला ते सामना संपल्यावर कळते, ते यामुळे.

फायब्रोमायल्जियात हे फाटक पुरते लागत नाही, आणि त्यातून जी वर्दी जाते ती वाटेत मोठी होत जाते. आत्ता आमच्यापुढे हा ध्वनिक्षेपक आहे. त्याची खुंटी योग्य जागी असेल तर आमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोहोचतो. तीच खुंटी टोकापर्यंत पिळली, तर कागद हलवल्याचासुद्धा कर्कश आवाज होईल आणि आपण कानांवर हात ठेवाल. तो आवाज आपल्या कल्पनेतला नसेल. कागदात काही बिघाड आहे असेही नव्हे. आपण कागद बदलत बसाल तर जन्मभर बदलत बसाल.

ही नुसती उपमा नाही; याला मोजमापाचा आधार आहे. २००२ साली अमेरिकेतील ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे घेतली. प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी चुंबकीय यंत्राने मेंदूतील हालचाल टिपली. निरोगी माणसाला जेवढी वेदना व्हायला जेवढा दाब लागला, त्याच्या जवळजवळ निम्म्या दाबाने रुग्णाला तेवढीच वेदना झाली. आणि रुग्ण तोंडाने जे सांगत होता तेच मेंदूच्या चित्रातही उमटत होते. निरोगी माणसाला तोच हलका दाब दिला तेव्हा त्याच्या मेंदूत तसे काही दिसले नाही. त्यापूर्वीच मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या पाण्यात, वेदनेची वर्दी पुढे नेणारे 'सबस्टन्स पी' नावाचे द्रव्य या रुग्णांत दुपटीतिपटीने जास्त असते, असे दिसून आले होते. २०१७ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जखमेची वेदना आणि मज्जातंतूला इजा झाल्याची वेदना या दोहोंखेरीज असा तिसरा प्रकार मान्य करून त्याला स्वतंत्र नाव दिले. ज्याला सोंग म्हणत होते ते असे मोजपट्टीवर आले आहे.

अर्थात सगळे कोडे सुटलेले नाही. २०१३ साली जर्मनीत वुर्झबुर्ग येथे काही रुग्णांच्या त्वचेतले बारीक मज्जातंतूच विरळ झालेले आढळले. २०२१ साली इंग्लंड आणि स्वीडनमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसे झाले नाही. म्हणजे काही जणांत शरीराच्या संरक्षक यंत्रणेचाही हात असावा. यातून उपचार निघायला अजून अवकाश आहे. कोणी आजच तसली टोचणी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

घंटेचा एक दाखला कारखान्यातला. आगीची घंटा जर विडीच्या धुरानेही वाजू लागली, तर ती खरोखरच वाजत असते, पण आग लागलेली नसते. या दुखण्यात वेदना खरी असते, मात्र तिच्यामुळे स्नायू फाटत नाहीत, हाड झिजत नाही, सांधे वाकडे होत नाहीत. ही गोष्ट रुग्णाला नीट पटली तर अर्धे भय जाते, आणि पुढे हालचालीविषयी जे सांगणार आहोत त्याचा सगळा पाया येथेच आहे.

निदान कसे करतात? १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने एक कसोटी ठरवली होती. अंगावरच्या ठरावीक १८ जागांवर सुमारे चार किलोचा दाब द्यायचा. त्यांपैकी ११ जागा दुखल्या आणि तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर वेदना असली, तर हा रोग. २०१० साली त्यांनीच ती बिंदूंची पद्धत बाजूला ठेवली. आता अंगाचे १९ भाग विचारतात, मागच्या आठवड्यात कोठे कोठे दुखले ते मांडतात, आणि थकवा, झोपेतून ताजेतवाने न उठणे, डोक्यातले धुके यांना गुण देतात. थोडक्यात, रुग्णाची साक्ष पुराव्यात धरली गेली. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मात्र साक्ष घेण्यापूर्वी दुसरे संशयित तपासावे लागतात. थायरॉइड ग्रंथी मंदावली, रक्त कमी असले, ड किंवा ब-१२ जीवनसत्त्व घटले, तरी असेच अंग दुखते, आणि त्यावर साधा, नेमका इलाज आहे. म्हणून रक्ताच्या थोड्या मूलभूत तपासण्या एकदा कराव्यात; त्या पुनःपुन्हा करीत राहण्यात पैशाखेरीज काही हलत नाही. सांधे सुजणे, ताप, कारण नसता वजन उतरणे, हातापायातली शक्ती जाणे, असे काही असेल तर ते फायब्रोमायल्जियाच्या नावावर खपवू नये, ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक गुंता असा की, संधिवाताच्या रोग्याला हेही दुखणे जोडीने असू शकते. एक सापडले म्हणून दुसरे नाहीच, असे समजता येत नाही.

हे दुखणे किती जणांना असते? निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभरात दोन ते चार माणसे, त्यांत स्त्रिया अधिक, असे आढळते. रक्ताच्या नात्यात ते जास्त दिसते. एखादा अपघात, मोठा ताप, बाळपणी झालेले अत्याचार, दीर्घकाळचा ताण यांच्यानंतर ते सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. पुष्कळदा असे काहीच सापडत नाही. ते केवळ परदेशी बायकांचे फॅड आहे असे कोणाला वाटत असेल, तर पुण्याच्या डॉक्टरांनी १९९६ साली भिगवणला केलेली पाहणी आठवावी. रोहित पक्षी पाहायला आपण उजनीच्या काठी जातो ते हे भिगवण. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखाली तेथे घरोघर जाऊन सांध्यांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यांची मोजदाद झाली, आणि सुमारे १८ टक्के प्रौढांनी अशा वेदना सांगितल्या. त्या सर्वांना फायब्रोमायल्जिया नव्हता; गुडघे झिजलेले होते, संधिवाताचे होते, आणि कोणत्याही ठरीव नावात न बसणारी दुखणीही पुष्कळ होती. खेड्यातला माणूस काबाडकष्टाने घट्ट झालेला असतो, त्याचे अंग दुखत नाही, ही शहरी समजूत त्या आकड्यापुढे टिकत नाही.

आता आमच्या घरचा प्रश्न. हा रोग कामामुळे होतो का? आमचे कार्यकर्ते म्हणतात, 'होय' म्हणा, म्हणजे मालकावर नुकसानभरपाईचा दावा लावता येईल. आम्ही तसे म्हणत नाही. कामामुळेच हा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. कारखान्याचे तोंड न पाहिलेल्यांनाही तो होतो. अमेरिकेची प्रख्यात गायिका लेडी गागा हिने २०१७ साली आपल्याला हे दुखणे असल्याचे जाहीर केले आणि २०१८ च्या आरंभी युरोपातले उरलेले कार्यक्रम रद्द केले. (तिच्या बाबतीत जगाने हळहळ व्यक्त केली. आमच्या बाईंचा त्याच आठवड्यात खाडा लागला असता.) पण कामाची रीत दुखणे वाढवते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे आम्ही ठामपणे बोलू शकतो.

उदाहरणार्थ झोप. १९७५ साली कॅनडात टोरांटो येथे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवले, आणि गाढ झोप लागू लागली की पुरती जाग येणार नाही इतपत आवाज करून ती मोडली. थोड्याच रात्रींत त्या धडधाकट पोरांचे अंग दुखू लागले, दाबले की हुळहुळू लागले. पुन्हा शांत झोपू दिल्यावर ते थांबले. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळा रोग उलगडला असे कोणी म्हणत नाही. पण आम्ही तो वाचला तेव्हा आम्हाला टोरांटो दिसलेच नाही. आम्हाला इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी दिसली. भिंतीपलीकडे रात्रभर खडखडणारे माग दिसले. एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी करून दुपारी पत्र्याखाली डोळे मिटून पडलेली माणसे दिसली. परदेशातल्या शास्त्रज्ञाला जी स्थिती मुद्दाम निर्माण करावी लागली, ती आमच्या गल्ल्यांत फुकट मिळते.

आता उपायांकडे येऊ. समूळ बरे करणारे औषध आज नाही. पण दुखणे आटोक्यात आणता येते, आणि पुष्कळजण कामाला, संसाराला लागतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सगळ्या उपचारांचा पुरावा तपासला. औषधे, शेक, मालिश, समुपदेशन, सगळे चाळून झाल्यावर त्यांनी ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, ती व्यायामाची. हे ऐकताच रुग्ण चिडतो. ज्याला जिना चढवत नाही त्याला व्यायाम सांगता? त्याचे चिडणे योग्य आहे, कारण व्यायाम कसा करायचा हे त्याला कोणी सांगत नाही.

या रोगाची एक ठरलेली चाल असते. एखादा दिवस बरा उजाडतो. बाई म्हणते, आज बरं वाटतंय, राहिलेलं सगळं उरकून घेऊ. मग ती गोधड्या धुते, माळा झाडते, दळण आणते. पुढचे तीन दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी 'हालचाल केली की दुखते' असा धडा घेऊन ती हालचाल टाळू लागते. न हलवल्याने स्नायूंची ताकद जाते, आणि पुढच्या वेळी त्याहून कमी कामाने अंग धरते. म्हणून मोजमाप दुखण्यावर ठेवायचे नाही, घड्याळावर ठेवायचे. पाच मिनिटे सपाटीवर चालणे झेपत असेल, तर रोज पाचच मिनिटे. बऱ्या दिवशी पंधरा नाहीत आणि वाईट दिवशी शून्य नाही. आठवडाभर ते अंगी लागले की मिनिट दोन मिनिटे वाढवायची. सुरुवातीला थोडे जास्त दुखेल. घंटेचा दाखला ध्यानात ठेवावा. कामाचेही तसेच. गोधड्या दोन-दोन करून आठवडाभर धुवाव्यात, मध्ये बसावे, आणि बसायचे ते थकण्यापूर्वी. आमच्या बायांना यातले 'थकण्यापूर्वी बसणे' सर्वांत कठीण जाते. सासूसमोर कोणत्या तोंडाने बसायचे, हा खरा प्रश्न असतो. म्हणून दवाखान्यात घरच्या माणसाला बरोबर न्यावे आणि डॉक्टरांनी हे त्याच्या देखत सांगावे.

चालणे, हलकी ताकदीची कवायत, कोमट पाण्यातला व्यायाम यांनी गुण येतो. चिनी ताइची ही संथ कवायत इतर व्यायामाइतकीच, किंबहुना काकणभर जास्त उपयोगी पडते, असे अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे योगासने आहेत. ती सावकाश, शिकवणाऱ्याला दुखणे सांगून करावीत. कोणाच्या तरी उत्साहाला भुलून पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालू नयेत.

झोपेसाठी उठण्याची वेळ ठरलेली असावी, सायंकाळनंतर चहा वर्ज्य करावा, आणि घोरता घोरता श्वास अडत असेल तर त्याचा तपास वेगळा करून घ्यावा.

औषधांबद्दल थोडेच सांगतो, कारण ते डॉक्टरांचे क्षेत्र आहे. ॲमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत रात्री देतात. ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन हीही वापरतात. अमेरिकेने २००७ साली या रोगासाठी प्रीगॅबालिनला आणि २००८ साली ड्युलॉक्सेटिनला मान्यता दिली; युरोपच्या औषधसंस्थेने ती दोन्ही या कामासाठी नाकारली. यावरून ओळखावे की फायदा होतो तो काहींना, आणि बेताचा. गुंगी आणि चक्कर येऊ शकते. मागावर, कटिंग यंत्रावर काम करणाऱ्याने हे डॉक्टरांना आधी सांगावे. यातली काही औषधे खिन्नतेच्या रोगावर देतात, म्हणून 'मला वेडाचे औषध दिले' असे समजून कित्येकजण ती गटारात टाकतात. वस्तुतः ज्या द्रव्यांवर ती काम करतात तीच द्रव्ये मेंदूकडून येणारी 'फाटक लोटा' ही आज्ञा मज्जारज्जूत पोहोचवतात. खिन्नता या रोग्यांत अधिक आढळते हे खरे आहे. वर्षानुवर्षे दुखत असताना आणि कोणी विश्वास ठेवत नसताना ती नसती तरच नवल. तिचाही उपचार घ्यावा, त्यात कमीपणा नाही. विचार आणि वागणूक यांची घडी बदलण्याचा जो मानसोपचार आहे तो वेदना झेलण्यास मदत करतो, असाही पुरावा आहे.

ज्याने गुण येत नाही ते स्पष्ट सांगितले पाहिजे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या दाहावर काम करतात. येथे दाह नाही. त्या वर्षानुवर्षे खाल्ल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. स्टिरॉइडचा या रोगात उपयोग नाही. बाजारच्या दिवशी नाव नसलेल्या पुड्या देणारे बसतात, त्या पुड्यांनी दोन दिवस हलके वाटले तर त्यात काय मिसळले आहे याचा संशय घ्यावा. आणि सलाइन! अंग दुखले की सलाइन लावून घ्यायची आपल्या गावांना चटक लागली आहे. मीठपाण्याच्या बाटलीला एका दिवसाची मजुरी जाते, आणि अंग दुखायचे ते दुखतेच.

राहिला कामाच्या जागेचा प्रश्न. कामगार विम्यात आजारपणाचा भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के दराने मिळतो. क्षय, पक्षाघात, कर्करोग अशा लांबणाऱ्या रोगांसाठी जास्त दिवस आणि ८० टक्के दर आहे. पण १९४८ च्या कायद्याखाली चालत आलेल्या त्या ३४ रोगांच्या यादीत फायब्रोमायल्जिया नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही नाही. आणि जेथे कागदावर दहापेक्षा कमी माणसे दाखवली आहेत, तेथे विमा सक्तीचाच नाही. एक शेड तीन नावांवर कशी मांडतात हे आपल्या शहराला ठाऊक आहे. अशा स्थितीत एक गोष्ट हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे अकरावे वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले आहे, आणि त्यात हे दुखणे 'दीर्घकालीन प्राथमिक वेदना' या सदरात, सांकेतिक क्रमांकासह आहे. दाखल्यावर 'बॉडीपेन' न लिहिता रोगाचे नाव आणि तो क्रमांक लिहावा, एवढे डॉक्टरांना सांगायला आम्ही आमच्या माणसांना शिकवतो. जोडीला एक दोन रुपयांची वही ठेवायला सांगतो: कालची झोप, आज किती मिनिटे चालले, कोणते काम केले. दुखले किती ते लिहायला सांगत नाही. ते रोज लिहिले की दुखण्याकडेच डोळे लागून राहतात.

गेल्या वर्षी एका कारखान्यात कांडी खात्यासाठी आम्ही तीन मागण्या केल्या. पाठ टेकता येईल अशी, उंची बदलणारी स्टुले. दर दोन तासांनी दहा मिनिटे उठून फिरण्याची मुभा. आणि डॉक्टरांचा दाखला असेल त्याला कायम एकच पाळी. मालकांनी स्टुले आणली. दहा मिनिटांना त्यांनी आधी नकार दिला. मजुरी पीसरेटवर असल्याने नुकसान झाले तर बाईचेच होईल हे आम्ही दाखवल्यावर मान्य केले, आणि महिन्याअखेर कांड्यांचा आकडा खाली गेला नाही. पाळीच्या मागणीवर ते अडून आहेत. एकाला दिली की सगळे मागतील, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे असे की दाखला तपासायला त्यांनी आपला डॉक्टर नेमावा, फक्त त्याने क्ष-किरणाचे छायाचित्र मागू नये. पुढची बैठक ज्येष्ठात आहे.